जिन्याखालचे मीटर वर घेतले, त्याची गोष्ट

पत्रा सुटायच्या आधी तो वाजायला लागतो. मोठी ताडपत्री वाऱ्यात आपटावी तसा आवाज, फडफड फडफड, आणि मग एकदम सगळं शांत. 13 मे 2024 ची दुपार, सोमवार होता, मी वाशीला घरीच होते, चारच्या सुमारास आभाळ पिवळट पडलं आणि धुळीचा असा लोट आला की समोरची बिल्डिंग दिसेना. वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत धावले तर वरून, म्हणजे टेरेसवरून तो फडफडाट ऐकू आला आणि आमच्याच शेडचा दहाफुटी पत्रा माझ्या डोळ्यांसमोरून पतंगासारखा तिरपा खाली गेला. खाली पार्किंगमध्ये एका स्कूटरवर आडवा पडला, सीट मधोमध फाटली. दहा मिनिटं आधी तिथेच शेजारच्या शेलार आजींचा नातू सायकल फिरवत होता. आजीच गॅलरीतून ओरडल्या होत्या म्हणून तो वर आला. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

त्याच संध्याकाळी घाटकोपरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, 17 माणसं गेली. 40 बाय 40 फुटांची मर्यादा आणि ते उभं केलेलं 120 बाय 120 चं. वडाळ्याला पार्किंग टॉवरचा लोखंडी सांगाडा पडला. ठाणे-मुलुंडच्या मध्ये ओव्हरहेड वायरचा खांब वाकला आणि सेंट्रल लाइन ठप्प झाली, माझी मुलगी ठाण्याला मावशीकडे जाऊन राहिली ती दुसऱ्या दिवशीच घरी आली. आणि हे काही चक्रीवादळ नव्हतं हं. मान्सूनच्या आधीचं वादळ, अर्ध्या-पाऊण तासाचं.

मी सोसायटीची खजिनदार आहे. आमची बिल्डिंग जुनी, चार मजल्यांची, सिडकोच्या काळातली, लिफ्ट नाही. नवी मुंबईत अशा शेकडो सोसायट्या आहेत आणि बहुतेकींच्या डोक्यावर गळतीसाठी पत्र्याची शेड आहे. ती शेड बांधताना सगळ्यांनी पावसाचा विचार केला, वाऱ्याचा कुणी केला नाही, आम्हीही नाही.

दुसऱ्या दिवशी पत्र्याचं काम करणारे मिस्त्री आले, मी त्यांच्याबरोबर वर गेले. त्यांनी एक हुक बोल्ट पान्याने फिरवायला घेतला, तो फिरलाच नाही, हातात तुटून आला. बोल्टचं डोकं जाड, टोक जाड आणि मधे पत्र्याखाली जिथे दिसत नाही तिथे गंजून काडीपेटीच्या काडीएवढा उरलेला. खालचा रबरी वॉशर बोटाने दाबला तर बिस्किटासारखा चुरा झाला. मिस्त्री म्हणाले, ‘मॅडम, इथं खाडीची हवा, खारं वारं, लोखंड खातं. वरून रंग मारला की लोकांना वाटतं झालं.’ मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. वारा पत्र्याला दाबत नाही, उचलतो. शेडच्या कडेला आणि कोपऱ्यांवर ओढ सगळ्यात जास्त, म्हणून सुटतो तो नेहमी कडेचाच पत्रा, आणि एक सुटला की आत वारा शिरून बाकीच्यांना खालून ढकलतो. माझ्या भाच्याने, तो स्ट्रक्चरलमध्ये आहे, त्यात भर घातली की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. मुंबईच्या पट्ट्यासाठी बांधकामाच्या कोडमध्ये वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, म्हणजे ताशी जवळजवळ 158 किलोमीटर. तौक्ते आलं तेव्हा, 17 मे 2021 ला, कुलाब्याला 114 चा झोत नोंदला गेला होता आणि ते वादळ समुद्रातूनच बाजूने निघून गेलं होतं, आपल्यावर आलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग आलं ते मात्र रायगडात किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांमधली सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली. एका वर्षात दोन. आमच्या लहानपणी चक्रीवादळ म्हटलं की आंध्र, ओडिशा, असंच डोक्यात असायचं. आता पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटाने आकडे काढलेत, 1982 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली. समुद्र तापलाय, आणि वादळाला लागणारी ऊब तिथूनच मिळते.

तर शेडचे सगळे बोल्ट बदलले, गॅल्व्हनाइज्ड घेतले, कडेच्या रांगांना दुप्पट लावले, आडव्या-तिरक्या कैच्या मारल्या. ते काम पटकन झालं कारण पत्रा उडालेला सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला होता.

विजेचे मीटर वर घ्यायचं काम तसं झालं नाही.

आमच्या बिल्डिंगचे मीटर जिन्याखाली. वीस फ्लॅट, वीस मीटर, फळीवर दोन रांगांत, खालची रांग जमिनीपासून दोन फुटांवर आणि मेन स्विचची पेटी तर दीड फुटावर. बांधलं तेव्हा चुकीचं नव्हतं, कारण तेव्हा गेटमधून आत यायला दोन पायऱ्या चढाव्या लागायच्या. मग रस्त्यावर डांबराचा थर, त्यावर थर, मग काँक्रीट, मग फुटपाथला पेव्हर ब्लॉक, आणि बघता बघता रस्ता वर आणि सोसायटी खाली. आज गेटमधून गाडी आत येते ती उतारावरून. माझ्याकडे 1996 चा एक फोटो आहे, माझे मिस्टर गेटच्या पायरीवर बसलेत, ती पायरी आता पूर्ण गाडली गेलीय. रस्त्याचं काम निघालं की जुना थर खरवडून काढूनच नवा टाकायचा, पातळी आहे तीच ठेवायची, हा आग्रह प्रत्येक सोसायटीने लेखी धरायला हवा. आम्ही धरला नाही तेव्हा.

गेल्या ऑगस्टमध्ये, 2025 ला, 16 तारखेची दहीहंडी पावसातच झाली आणि मग तो थांबेचना. 18 ला शाळा सोडल्या, 19 ला सुट्टीच. मोनोरेल भर पावसात मधेच अडकली आणि माणसं शिडीवरून उतरवावी लागली ती 19 चीच गोष्ट. त्या सकाळी साडेआठला वॉचमनने बेल मारली, ‘मॅडम, गटाराचं पाणी उलटं येतंय.’ खाली गेले तर चेंबरच्या झाकणाच्या भोकांतून पाणी कारंज्यासारखं वर येत होतं. तासाभरात पार्किंगमध्ये गुडघ्याला लागलं. आमच्या वायरमनने डोकं शाबूत ठेवून सगळ्यांना ओरडून सांगितलं, जिन्याच्या रेलिंगला हात लावू नका, आणि रस्त्यावरच्या डीपीतून सप्लाय बंद करून घेतला. नंतर मी टेपने मोजलं, जिन्याखाली भिंतीवर चिखलाची रेघ बावीस इंचांवर होती. मेन स्विच बुडाला, मीटरची खालची रांग दोन इंचांनी वाचली. तळमजल्यावर चारही घरांत टाचभर पाणी.

आणि लाइट गेली ती एकोणीस तास.

शेलार आजी तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांना घरी ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर लागतो, ते मशीन विजेवर चालतं. इन्व्हर्टरवर तीन तास निघाले. मग सिलिंडर. दुकानवाला म्हणाला गाडी पाठवू शकत नाही, पाणी आहे. आमच्या बिल्डिंगमधली दोन मुलं कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेली, सिलिंडर खांद्यावर घेऊन आली, तीन जिने चढवला. रात्री दोनला तो संपत आला तेव्हा दुसरा. मी आजींच्या उशाशी बसले होते, मोबाइलच्या टॉर्चमध्ये सिलिंडरवरच्या मीटरचा काटा बघत. आजी मला म्हणाल्या, ‘तू झोप गं, मी बघते.’ त्यांना खरंच वाटत होतं की त्या स्वतः बघतील. त्या रात्री मी ठरवलं की पुढच्या पावसाळ्याच्या आत जिन्याखालचे विजेचे मीटर वर जाणार.

पाणी ओसरल्यावर दोन दिवसांनी मी चालत मिनी सीशोअरला गेले, होल्डिंग पाँडची झडप बघायला. वाशीत राहणारे आपण सगळे तिथे फिरायला जातो, फोटो काढतो, पण तो तलाव तिथे कशासाठी आहे हे कितीतरी जणांना माहीत नसतं. नवी मुंबईचा खाडीकडचा बराच भाग भराव टाकून केलेला, मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल. एका बाजूला पारसिकचा डोंगर, त्याचं सगळं पाणी नाल्यांमधून खाली येणार, दुसऱ्या बाजूला खाडी. भरती असेल तेव्हा ते पाणी खाडीत जाऊच शकत नाही. म्हणून सिडकोने डच पद्धतीवर हे धारण तलाव केले. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये एकतर्फी झडपा. भरती चढली की खाडीचं पाणी झडपेला दाबून बंद करतं, शहराचं पाणी तलावात थांबून राहतं, ओहोटी लागली की तलावाचा दाब जास्त होतो आणि झडप आपोआप उघडून पाणी बाहेर. वीज नको, माणूस नको. मला ही रचना मनापासून आवडते, ज्यांनी केली त्यांनी डोकं लावून केली.

पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात, तलाव खोल हवा आणि झडप घट्ट बसायला हवी. आता गाळ साचून साचून तलाव उथळ झालेत आणि गाळावर तिवरं उगवलीत. तिवरं काढायला हायकोर्टाची परवानगी लागते, 2018 च्या निकालानंतर तर नियम आणखी कडक आहेत, आणि ते बरोबरच आहे कारण खाडीच्या काठावरची तिवरं लाटा अडवतात, माती धरून ठेवतात, ती कापली तर आपण उघडे पडू. माझं म्हणणं एवढंच की खाडीकाठचं एक झुडूपही तोडू नका, पण तलावाच्या पोटातला गाळ हा वेगळा विषय आहे, तो काढल्याशिवाय तलाव तलाव राहत नाही. दोन्ही एका वाक्यात घालून भांडत बसलो तर गाळ तिथेच राहतो.

तिथे काठावर एक कोळी बाबा भेटले, वाशीच्या जुहूगावातले, जाळं सोडवत बसले होते. मी झडपेकडे बघतेय म्हटल्यावर त्यांनीच विषय काढला. मी त्यांना विचारलं, बाबा, त्या दिवशी भरती किती मोठी होती? ते म्हणाले, ‘मोठी कुठली? एकादस होती ना. उधाण पुनवेला नि अवसेला. ती तर भांगाकडची भरती.’ भांग म्हणजे उधाणाच्या उलट, लहान भरती. मग त्यांनी हिशोब शिकवला, जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. घटकाभर मागेपुढे होतं पण बसतं. घरी येऊन कॅलेंडर बघितलं, 19 ऑगस्टला खरंच एकादशी होती, आणि आमच्या चेंबरमधून पाणी उलटं यायला लागलं ते साडेआठलाच.

हे मला फार लागलं. म्हणजे साध्या भरतीत आमचं हे झालं. तोच पाऊस अमावास्येला दुपारी बाराला पडला असता तर बावीस इंचांवर थांबला असता का?

पावसाचं प्रमाणही आपण आकड्यात ऐकतो पण डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून मी एकदा मांडून बघितलं. आमचा प्लॉट साधारण दोन हजार चौरस मीटरचा. तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला तर एका तासात आमच्या एकट्या प्लॉटवर एक लाख लिटर पाणी पडतं, दहा हजार लिटरचे दहा टँकर. मुंबईची ब्रिटिशांच्या काळातली गटारं तासाला 25 मिलिमीटरच्या हिशोबाने होती, ती 50 ची करायची म्हणून ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेण्याच्या योजनेचा अहवाल 1993 मध्ये आला, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडल्यावरच त्या कामाला खरी गती आली. हवामान खातं दिवसाला 204.4 च्या वर गेला की ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतं. पण गटाराला दिवस कळत नाही, तास कळतो. दिवसभर रिपरिप पडलेला दोनशे आणि दोन तासांत ओतलेला दोनशे यात आमच्या जिन्याखाली जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे ओततानाही जास्तच ओतणार. 2025 मध्ये तर मान्सून मुंबईत 26 मेलाच आला, एरवी 11 जूनची तारीख. नालेसफाई 31 मेपर्यंत पूर्ण करू हे जे वर्षानुवर्षं चालतं त्याच्या आधीच पाऊस हजर. माझ्या मते सगळी कामं आता 30 एप्रिलच्या हिशोबाने लावली पाहिजेत, सोसायटीचीही आणि शहराचीही.

सप्टेंबरमध्ये जनरल बॉडी बोलावली. मी कोटेशन घेऊन गेले, एक लाख बेचाळीस हजार, मीटरची फळी सहा फुटांवर, मेन स्विच पाच फुटांवर, नवीन केबल, अर्थिंग आणि ईएलसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच. पहिला प्रश्न आला, एवढे पैसे कशाला, एवढं पाणी काय दरवर्षी येणार आहे का? दुसरं, हे तर महापालिकेचं काम आहे, रस्ता त्यांनी उंच केला, आपण का खर्च करायचा? तिसरं, रीडेव्हलपमेंट येतंय ना चार-पाच वर्षांत, तोपर्यंत चालवून घेऊ.

त्या तिसऱ्या मुद्द्याला अख्ख्या वाशीत लोक थांबलेत, खरं सांगते. रीडेव्हलपमेंट येतंय म्हणून प्लास्टर नाही, टाकी नाही, झाडांची छाटणीसुद्धा नाही. बिल्डर येईल तेव्हा येईल, पाऊस जूनमध्ये येतो.

मी वाद घातला नाही. तळमजल्यावरच्या कदम काकू उठल्या, त्या मीटिंगमध्ये कधी बोलत नाहीत. म्हणाल्या, ‘माझ्या कपाटाची खालची फळी अजून ओली आहे, येऊन बघा.’ मग शेलार आजींच्या मुलाने त्या रात्रीच्या दोन रिकाम्या सिलिंडरचे नंबर आणि वेळा वाचून दाखवल्या, एवढंच. सिंकिंग फंडातून, म्हणजे सोसायटीच्या राखीव पैशांतून अर्धे आणि प्रत्येक फ्लॅटमागे साडेतीन हजार, असं ठरलं. तीन जणांनी विरोधात हात वर केले, त्यातल्या दोघांनी पैसे सगळ्यात आधी भरले, हेही सांगायला हवं.

मग वीज कंपनीच्या ऑफिसात खेटे. मीटरला सील असतं, ते आपण हलवू शकत नाही, त्यांचा माणूस यावा लागतो. अर्ज, वीसही ग्राहकांच्या सह्या, लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं पत्र. एक फ्लॅट भाड्याने, मालक दुबईला, त्याची सही यायला दीड महिना. साहेब बदलले, फाइल पुन्हा खालून वर. मी आठ वेळा गेले. एका तरुण इंजिनियर मुलीने शेवटी माझा फोटो बघितला, भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेचा, टेप लावलेला, आणि म्हणाली, काकू, हा फोटो पहिल्याच दिवशी अर्जाला जोडायचा होता. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा, पाणी ओसरल्यावर साफसफाई करायच्या आधी टेप लावून फोटो काढा, तारखेसकट.

फेब्रुवारीत काम झालं. दोन दिवस लागले फक्त. आता जिन्यातून वर जाताना मीटर डोळ्यांच्या वर दिसतात, रीडिंग घ्यायला येणारा मुलगा म्हणतो मान वर करावी लागते. त्याच्याखाली भिंतीवर मी लाल ऑइल पेंटने बावीस इंचांची रेघ मारून घेतलीय, बाजूला 19-8-2025 लिहिलंय. रंगवाला विचारत होता, चांगल्या भिंतीवर हे कशाला? मी म्हटलं, पुढच्या कमिटीसाठी.

सगळं झालंय असं नाही. गेटजवळचा जुना गुलमोहर छाटून घेतला, त्याच्या बुंध्याला लागून टाकलेलं काँक्रीट फोडून तीन फुटांचं आळं मोकळं केलं, मुळांना माती आणि हवा मिळाली तर झाड वाऱ्यात पाय रोवून उभं राहतं. कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर अशी मशिनं कुणाकुणाच्या घरी आहेत त्याची यादी वॉचमनच्या केबिनमध्ये लावलीय, बाजूला कालनिर्णय, भरतीच्या वेळा लिहायला. ऑरेंज अलर्ट आला की दुपारपर्यंत दोन सिलिंडर भरून वर नेऊन ठेवायचे, हे त्या दोन मुलांनी स्वतःच अंगावर घेतलंय.

राहिलीय ती जमिनीखालची पाण्याची टाकी. तिचं झाकण अजून पार्किंगच्या फरशीच्या पातळीत आहे, गेल्या ऑगस्टमध्ये गटाराचं पाणी त्यातूनच आत गेलं आणि आम्ही पाच दिवस टँकरचं पाणी प्यायलो, दोन लहान मुलांना जुलाब झाले. झाकणाभोवती अडीच फुटांचा कठडा बांधायचाय, सात-आठ हजारांचं काम आहे. पण त्या जागेवर एक गाडी लागते आणि कठडा झाला की ती जागा जाते, म्हणून चार महिने अडलंय. काल रात्री मी त्या गाडीवाल्यांच्या घरी जाऊन बसले, चहा झाला, ते म्हणाले वहिनी, माझी गाडी मी रस्त्यावर लावतो, पण पावसात झाड पडलं तर? मी त्यांना छाटलेला गुलमोहर दाखवायला खाली घेऊन गेले. मिस्त्रीला रविवारी सकाळी नऊला बोलावलंय, विटा आणि सिमेंट शनिवारी येतंय.